बॅटरी कोणी संपवली?

२०२४ च्या एप्रिलच्या अंकात याच सदरात आम्ही आमच्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्याचा वृत्तांत लिहिला होता. ऐन औक्षणाच्या वेळी ‘एका तरुण नातलगाच्या हलगर्जीपणामुळे’ कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि जे छायाचित्र निघावयास हवे होते ते निघाले नाही, असे एक वाक्य त्यात होते. ते वाक्य आज आम्हांला मागे घ्यावयाचे आहे. तोंडाने बोललेला शब्द तोंडाने परत घेता येतो. छापलेला शब्द छापूनच परत घ्यावा लागतो.

यास निमित्तही झाले आहे. देवासच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या कॅमेऱ्याचे सेल दहा-पंधरा छायाचित्रांतच माना टाकतात, दुकानदार म्हणतो, ‘हा आता भंगारात काढा,’ आणि त्यांना तो काढवत नाही. कारण तो त्यांच्या यजमानांनी घेतलेला आहे. ‘आपल्यालाही असाच अनुभव आल्याचे वाचले होते, तरी काही उपाय सापडला असल्यास कळवावे,’ असे त्या लिहितात. उपाय सापडला आहे. मात्र तो शोधताना ज्या चोराचा माग लागला, तो सांगण्याचे धैर्य गोळा करण्यात आमचे काही महिने गेले.

प्रथम त्या दिवसाची हकीकत. फेब्रुवारीतला रविवार होता. ग्वाल्हेरहून आमच्या मावशी आल्या होत्या. आई आणि मावशी या दोन बहिणींची भेट सहा वर्षांनी होत होती. एक्याऐंशी दिव्यांचे ताट तयार होते. मोबाईल तर आता मुलामुलांच्या हातात असतात. परंतु औक्षणाच्या वेळी पाहुण्यांनी डोळ्यांसमोर मोबाईल धरून उभे राहावे हे आम्हांला रुचत नाही. म्हणून आम्हीच सकाळी सर्वांना हात जोडून सांगितले होते की, घरात चांगला कॅमेरा आहे, छायाचित्रे त्याने निघतील, आपण सोहळा डोळ्यांनी पाहावा. सर्वांनी ते मानले. कॅमेरा आमच्या भाच्याच्या हाती होता. तो तेव्हा अकरावीत होता. त्याला नजर आहे, आणि हात स्थिर आहे.

मावशींनी ताट हाती घेतले, ओवाळले, आणि ताट खाली ठेवून त्यांनी आईच्या दोन्ही गालांवर तळवे ठेवले. आई रडली. त्या क्षणी कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला. भाच्याने बॅटरी काढून पुन्हा घातली, कॅमेरा एकदा उजळला आणि विझला. कोणी तरी खिशातून मोबाईल काढीपर्यंत मावशी वळल्या होत्या. त्या मोबाईलवरचे एक छायाचित्र आमच्यापाशी आहे. त्यात आई दिसते, समया दिसतात, आणि मावशी पाठमोऱ्या दिसतात. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मावशी गेल्या.

सर्व नातलगांच्या देखत आम्ही भाच्याला बोललो. ‘सकाळपासून बटणे दाबीत बसलास, आता काय उपयोग?’ असे काहीसे ते शब्द होते. तो काही बोलू पाहत होता. आम्ही बोलू दिले नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी ते वाक्य छापले गेले. पुढे गणपतीला आमची बहीण आली, मेहुणे आले. भाचा आला नाही. अभ्यास आहे, असे सांगण्यात आले.

२०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत कपाट आवरताना तो कॅमेरा हाती आला, आणि मनात आले की, याची बॅटरी खरोखरच इतक्या लवकर का संपते हे एकदा पाहावे. आमचा विषय मराठी. विजेशी आमचे नाते बिल भरण्यापुरते. म्हणून आमच्या शाळेतील भौतिकशास्त्राच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘सर, बॅटरी लवकर संपते म्हणजे चारांपैकी एक गोष्ट असते. बॅटरीत माल कमी मावतो, किंवा ती पुरती भरलीच जात नाही, किंवा कॅमेरा जागा असताना फार खातो, किंवा तो झोपला असताना खातो. या चारांना एकमेकांपासून वेगळे केल्याशिवाय कोणालाही दोष देऊ नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.’ शेवटचे वाक्य त्या आम्हांला उद्देशून म्हणाल्या की विद्यार्थ्यांना सांगावयाची सवय म्हणून, हे आम्ही विचारले नाही. एक दोनशे पानी वही घेतली आणि कामास लागलो.

पहिला प्रश्न हा की, ‘लवकर’ म्हणजे किती लवकर? कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकेत एका भरणीत अमुक इतकी छायाचित्रे निघतात असा आकडा असतो. आमच्या पुस्तिकेत तो तीनशेच्या आसपास आहे. हा आकडा हवेतून आलेला नसतो. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने २००३ साली त्याच्या मोजणीची एक पद्धत ठरविली. खोलीचे तापमान २३ अंशांच्या आसपास, मागचा पडदा चालू, दर अर्ध्या मिनिटाला एक छायाचित्र, एकाआड एक छायाचित्राला फ्लॅश, आणि दर दहा छायाचित्रांनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करावयाचा, अशी ती शिस्त आहे. दोन कॅमेऱ्यांची तुलना करण्यास हा आकडा उत्तम. परंतु लग्नमुंजीत कोणी दर अर्ध्या मिनिटाला घड्याळ लावून छायाचित्र काढीत नाही. तेथे कॅमेरा चालू ठेवून माणूस उभा असतो, आणि भटजी मंत्र म्हणत असतात.

आणि खरी गोम येथेच आहे. जुन्या घडणीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत आत एक आरसा असतो. समोरचे दृश्य त्या आरशावरून डोळ्याच्या खिडकीत येते. पाहण्यास वीज जवळजवळ लागतच नाही. बटण दाबले की आरसा वर जातो, आतील संवेदक जागा होतो, आणि काम झाले की पुन्हा निजतो. आमचा कॅमेरा बिनआरशाचा आहे. लहानसे खिशातले कॅमेरेही या बाबतीत त्याचेच भाऊ. यांत आपण पडद्यावर जे पाहतो ते संवेदकाने क्षणोक्षणी टिपून पाठविलेले असते. म्हणजे छायाचित्र काढा अथवा न काढा, संवेदक, आतील गणकयंत्र आणि पडदा ही तिन्ही माणसे कामावर हजर, आणि तिघांचाही पगार चालू. तेव्हा ‘किती छायाचित्रे निघाली?’ हा प्रश्नच अशा कॅमेऱ्याच्या बाबतीत अपुरा आहे. ‘किती मिनिटे जागा होता?’ असे विचारले पाहिजे.

म्हणून आम्ही मिनिटे मोजली. बॅटरी चार्जरवरचा दिवा बदलेपर्यंत भरली, कॅमेऱ्याची आपोआप निजण्याची सोय मेनूत जाऊन बंद केली, पडदा पूर्ण उजळ ठेवला, आणि समोर तुळशीवृंदावन धरून कॅमेरा टेबलावर ठेवून दिला. छायाचित्र एकही काढले नाही. अठ्ठावन्न मिनिटांनी पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पुन्हा पाहिले, पुन्हा अठ्ठावन्न. आमच्या सौ. दोनदा येऊन विचारून गेल्या की, तुळशीला काही होते आहे काय.

ही बॅटरी २०१९ सालची, कॅमेऱ्याबरोबर आलेली. लिथियम-आयन जातीची. या जातीच्या बॅटऱ्या सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणल्या, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी न वापरताही म्हातारी होते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. भरण्या-रिकामी करण्याच्या फेऱ्यांनी ती झिजते हे तर खरेच. परंतु तुडुंब भरून उकाड्यात ठेवली तर अधिक वेगाने झिजते. आम्ही नेमके तेच करीत आलो होतो. ‘वेळेवर धावाधाव नको’ म्हणून बॅटरी काठोकाठ भरावयाची आणि लोखंडी कपाटात कॅमेऱ्यासह ठेवून द्यावयाची. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिसाच्या पलीकडे जातो. लोखंडी कपाटात काय होत असेल ते देवच जाणे. बरेच दिवस वापरावयाची नसेल तर बॅटरी अर्ध्याच्या आसपास भरलेली, कॅमेऱ्यातून काढून, घरातल्या थंड कोरड्या जागी ठेवावी, हा खरा नियम आहे.

याउलट एक नियम आमच्या ओळखीच्या एका वयस्क छायाचित्रकारांनी वर्षानुवर्षे आमच्या मनावर बिंबविला होता. बॅटरी पार रिकामी झाल्याशिवाय भरू नये, नाहीतर ती ‘विसरते’, असे ते सांगत. हा उपदेश निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांसाठी होता, आणि त्यांच्या काळात तो सांगण्यास आधारही होता. लिथियमच्या बॅटरीला असे विस्मरण नसते. उलट दर वेळी तळ गाठणे तिला मानवत नाही. अधूनमधून थोडी थोडी भरलेली तिला चालते. सद्गृहस्थांचा राग नको म्हणून त्यांना आम्ही हे अद्याप सांगितलेले नाही. निकेल-कॅडमियमचा विषय निघाला आहे म्हणून जाता जाता सांगतो. कोडॅक कंपनीच्या स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने १९७५ साली जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, त्यात अशा सोळा बॅटऱ्या होत्या. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद. बॅटरीची भूक ही या यंत्राची जन्मखूण आहे म्हणावयाची.

अठ्ठावन्न मिनिटांच्या आकड्याने आम्ही मनातून सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. बॅटरी म्हातारी झाली, म्हणजे दोष काळाचा. परंतु हिशेब पुरा होत नव्हता. सोहळ्याच्या दिवशी कॅमेरा एकूण तासभर जागा नव्हता, हे छायाचित्रांवरील वेळांवरून दिसत होते. सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत सदुसष्ट छायाचित्रे, तीही तुकड्यातुकड्यांनी. मधला वेळ कॅमेरा बंद होता. मग बाकीची मिनिटे कोणी खाल्ली?

बाईंनी सांगितलेली चौथी गोष्ट आता उरली होती, झोपेत खाण्याची. तिची परीक्षा अशी. बॅटरी भरून कॅमेऱ्याबाहेर पाच दिवस ठेवली. सहाव्या दिवशी आत घालून तुळशीसमोर लावली तर सत्तावन्न मिनिटे. म्हणजे बॅटरी आपल्या आपण गळत नव्हती. मग पुन्हा भरून, कॅमेऱ्यात घालून, कॅमेरा बंद करून पाच दिवस त्याच कपाटात. सहाव्या दिवशी एक्केचाळीस मिनिटे!

बंद कॅमेरा पाच दिवसांत सतरा मिनिटांची वीज प्याला होता. आत तारीख-वेळ सांभाळणारा एक इवलासा घट असतो आणि तो मोठ्या बॅटरीवर पोसला जातो, हे आम्ही वाचले होते. पण त्याची भूक मुंगीची. (बरेच महिने बॅटरी बाहेर ठेवून मग घातली आणि कॅमेरा तारीख विचारू लागला, तर हा लहान घट रिता झाला असे समजावे. मोठी बॅटरी भरून एक-दोन दिवस आत ठेवली की बहुतेक कॅमेऱ्यांत तो पुन्हा भरतो.) सतरा मिनिटे नेणारा चोर याहून अंगापिंडाने मोठा असला पाहिजे.

तो मेनूच्या पाचव्या पानावर सापडला. आजकालचे अनेक कॅमेरे ब्लूटूथने मोबाईलशी गाठ मारून ठेवतात. कॅमेरा बंद केला तरी ती गाठ सुटत नाही, कारण बंद असतानाही मोबाईलने हाक मारली तर जागे व्हावे आणि छायाचित्रे धाडावीत अशी सोय केलेली असते. सोय मोठी छान आहे. आमच्या कॅमेऱ्यात ‘बंद असताना छायाचित्रे पाठविणे’ या ओळीपुढे ‘चालू’ असे होते. ती ओळ चालू कोणी केली? भाच्याने नव्हे. २०२३ च्या दिवाळीत पुण्याहून आमच्या कन्येने दूरध्वनीवरून पायऱ्या सांगितल्या होत्या, आणि प्रत्येक पायरीला ‘हो’ म्हणून बोट ठेवणारे आम्ही होतो. त्या दिवशी फराळाचे छायाचित्र मोबाईलवर आपोआप अवतरले तेव्हा झालेला आनंद आम्हांला आठवतो. त्यानंतर ती सोय आम्ही एकदाही वापरली नाही.

ओळ बंद केली. पुन्हा भरले, पुन्हा पाच दिवस कॅमेऱ्यातच ठेवले. सत्तावन्न मिनिटे.

आता आकडेमोड करण्यास मराठीचा एम.ए. पुरेसा होता. बॅटरी आम्ही सोहळ्याच्या आठ दिवस आधी भरून कॅमेऱ्यात ठेवली होती. पाच दिवसांना सतरा, तर आठ दिवसांना सत्तावीस. अठ्ठावन्नातून सत्तावीस गेले, उरली एकतीस मिनिटे. त्या दिवशी सकाळी भाच्याच्या हाती जे आले ते पुरे पात्र नव्हतेच, अर्धे होते. त्या अर्ध्यात त्याने आठपासून साडेअकरापर्यंत भागविले. मधूनमधून काकू-माम्यांनी ‘बघू रे, कसा आलाय’ म्हटले तेव्हा त्यांना पडदा दाखविला, आणि दिवाणखान्यात उजेड कमी म्हणून फ्लॅश वापरला. म्हाताऱ्या बॅटरीची आणखी एक खोड आहे. भार पडला की तिचा दाब एकदम उतरतो. म्हणून फ्लॅश भरण्याच्या किंवा भिंग पुढे सरकण्याच्या घटकेला ती अकस्मात माना टाकते, आणि क्षणभर विश्रांती दिली की पुन्हा उजळते. त्या दिवशी कॅमेरा एकदा उजळून विझला तो यामुळे. भाच्याने बटणे दाबली म्हणून नव्हे.

येथे देवासच्या भगिनींना उत्तर देऊन घेतो, कारण त्यांचा रोग निराळा आहे. त्यांच्या कॅमेऱ्यात पेन्सिल सेल लागतात. साधे स्वस्त सेल डिजिटल कॅमेऱ्यात घालणे म्हणजे हत्तीला शेंगदाण्यांवर पोसणे. अल्कलाईन सेल त्याहून बरे, परंतु त्यांचा दीड व्होल्टचा दाब काम करता करता सतत उतरत जातो, आणि कॅमेऱ्याला एकदम मोठा प्रवाह हवा असतो. तो मिळाला नाही की कॅमेरा ‘सेल संपले’ म्हणतो. वस्तुतः ते संपलेले नसतात. कॅमेऱ्याने नाकारलेले तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात घालून पाहावेत. कित्येक महिने चालतील. यांवर उपाय पुन्हा भरता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलांचा. त्यांचा दाब १.२ व्होल्टच असतो, पण तो अखेरपर्यंत बराचसा टिकून राहतो आणि मोठा प्रवाह ते सहज देतात. यांतील जुने प्रकार नुसते ठेवले तरी काही आठवड्यांत बरेच रिते होत. २००५ पासून कमी गळणारे प्रकार निघाले आहेत, तेच मागून घ्यावेत. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत सेलची जात सांगावी लागते, ती सांगावी. न सांगितल्यास भरलेले सेलही त्याला रिते वाटतात. आणि सेलच्या खोबणीतील पत्र्यांवर पांढरी बुकटी धरली असेल तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसून पाहावे. भगिनींनो, यजमानांचा कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. शंभरातल्या कितींचा रोग एवढ्यावर बरा होतो हे आम्ही सांगू शकत नाही, पण खर्च चार सेल आणि एक चार्जर एवढाच आहे.

आमच्या बॅटरीचे म्हातारपण मात्र पुसून जाण्यासारखे नव्हते. नवी घेण्यास बाजारात गेलो. एका दुकानात मूळ बॅटरीच्याच आकाराची, निम्म्या किमतीची, आणि वर मूळच्या जवळजवळ दुप्पट आकडा छापलेली बॅटरी दाखविण्यात आली. आकार तोच, वजन हाताला हलके, आणि माल दुप्पट? शेरभर मापात दोन शेर दूध मावत नाही हे शहाणपण आम्हांला लहानपणीच मिळालेले आहे. दुसरीकडे पूर्ण किंमत देऊन कॅमेऱ्याच्या कंपनीचीच घेतली. अन्य चांगल्या कंपन्यांच्याही बॅटऱ्या असतात, परंतु नुसत्या छापील आकड्यावर विश्वासू नये. जुनी बॅटरी फुगली असेल, खोबणीत अडकत असेल, तर ती टोचून-उपसून काढू नये, भरू नये, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात तर टाकूच नये. आमच्या इंदुरात कचरागाडीला अशा वस्तूंचा वेगळा कप्पा असतो. इतर गावच्या वाचकांनी ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. विमानाने जाणाऱ्यांनी सुटी बॅटरी टोके झाकून हातातल्या पिशवीत न्यावी, सामानात टाकू नये. आणि बदरीकेदारला जाणाऱ्यांनी ती अंगाजवळच्या खिशात ठेवावी; थंडीत ती गारठते, ऊब मिळाली की बरीचशी पूर्ववत होते.

नवी बॅटरी तुळशीसमोर लावली. एक तास बावन्न मिनिटे! म्हाताऱ्या बॅटरीच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा वहीत लाल शाईने लिहिला, वही पिशवीत घातली, आणि आम्ही रामबागेत बहिणीकडे गेलो.

भाचा आता महाविद्यालयात आहे. त्याच्यासमोर बसून, पन्नाशी उलटलेल्या मामाला जे सांगावयाचे होते ते सांगितले. सोपे नव्हते. वर्गात चुकलेल्या मुलाला माफी मागावयास लावणे आम्ही तीस वर्षे करीत आलो. ती मागताना घसा असा कोरडा पडतो हे कोणी सांगितले नव्हते. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘मामा, त्या दिवशी सकाळी मी तुम्हांला विचारलं होतं. तीनपैकी दोनच पट्ट्या दिसतायत, चार्जिंगला लावू का, म्हणून. तुम्ही गुरुजींशी बोलत होतात. म्हणालात, आठ दिवसांपूर्वीच भरून ठेवली आहे, तू हात लावू नकोस.’

आम्हांला ते आठवत नव्हते. त्याने म्हटल्यावर आठवले. चौरंगाच्या जागेवरून बोलणे चालले होते, आणि हाताने त्याला बाजूला केल्याचेही आठवले.

बहिणीने चहा आणला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग भाच्याने वही मागून घेतली आणि पाने उलटू लागला. लाल शाईच्या आकड्याशी थांबून त्याने विचारले, ‘पडद्याचा उजेड दोन्ही वेळा सारखाच होता?’ आम्ही आठवून पाहिले. नव्हता. मधल्या काळात कन्येच्या सांगण्यावरून आम्ही तो मध्यमावर आणला होता. बॅटरी वाचते म्हणून. भाच्याने पेन्सिलीने त्या आकड्याभोवती एक गोल काढला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ही बाईंची शिकवण आम्ही नेमकी विजयाच्या घाईत मोडली होती.

पुढच्या रविवारी तो घरी आला. पडदा पूर्ण उजळ ठेवून नवी बॅटरी पुन्हा लावली. एक तास चौतीस मिनिटे. म्हणजे नव्या बॅटरीचे श्रेय अठरा मिनिटांनी कमी झाले, आणि ती अठरा मिनिटे नुसता पडदा मंद केल्याची ठरली. ही माहिती आम्हांला चुकूनच मिळाली, पण घराबाहेरच्या लख्ख उन्हाखेरीज पडदा मध्यमावर ठेवल्यास काही बिघडत नाही हे त्यातून कळले. भाच्याने आणखीही दोन गोष्टी केल्या. कॅमेरा एका मिनिटात आपोआप निजावा अशी व्यवस्था केली, आणि चालू स्थितीतच घट्ट पिशवीत कोंबण्याची आमची सवय दाखवून दिली. पिशवीत बटण दाबले जाते आणि कॅमेरा अंधाराकडे डोळे लावून जागत बसतो. मातोश्रींना तो दिवसभर घरात हवा होता. त्या त्याला ‘जेवून जा’ म्हणत राहिल्या, आणि तो राहिला.

इंदूरच्या वाचकांना अनंत चतुर्दशीची रात्र सांगावयास नको. बाहेरच्यांसाठी सांगतो की, आमच्याकडे त्या रात्री गिरणीकामगारांच्या झांक्या निघतात. गिरण्यांची भोंगे कधीच थांबली, पण झांक्या थांबल्या नाहीत. पहाटेपर्यंत दिव्यांचा लखलखाट रस्त्यांतून हलत असतो. ६ सप्टेंबर २०२५ च्या त्या रात्री भाचा कॅमेरा घेऊन गेला. दोन्ही बॅटऱ्या त्याच दिवशी दुपारी भरल्या होत्या. म्हातारी आधी वापरावयाची आणि नवी राखून ठेवावयाची असे त्याने ठरविले होते. पहाटे चारला दारावर थाप पडली. आम्ही जागेच होतो. चारशे बारा छायाचित्रे निघाली होती. कॅमेरा आमच्या हाती देताना तो म्हणाला, ‘मामा, दोन पट्ट्या शिल्लक आहेत. आत्ताच मोजून घ्या.’